कुणाचीच नसलेली कपची

१

खडी फोडायला नवी बाई आली की तिला दोन गोष्टी शिकवतात. दगडाभोवती जुन्या ट्यूबचं कडं घालायचं, म्हणजे तुकडे लांब उडत नाहीत आणि बोटं शाबूत राहतात. आणि हातोडी दगडाला लागेल त्याच क्षणी डोळे मिटायचे. आधी मिटले तर अंगठा फुटतो, उशिरा मिटले तर डोळा. मिंझाच्या हे सतरा वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी मक्याच्या पिठाची उगाली घोटताना पळी भांड्यावर आपटली तरी तिचे डोळे मिटत. तिची मुलगी कबुला हसायची.

"आई, पिठातून दगड उडत नाहीत गं."

"उडाला एखादा तर तुझ्या मास्तरांना विचारून येऊ का?" मिंझा म्हणायची.

तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. डोळ्यात कपची गेली तर चोळायचं नाही. हातोडी खाली ठेवायची आणि ओरडायचं, "आजी!"

सरोवराकाठच्या म्वान्झा शहरातल्या त्या टेकडीखाली गोणपाटांच्या सावलीत पस्तीस-चाळीस बायका बसत, आणि त्या सगळ्यांची आजी एकच, होलो आजी. ती आता खडी फोडत नव्हती. एका सपाट दगडावर पाय पसरून, दाढेखाली तपकीर धरून बसायची. हाक आली की तपकीर थुंकायची, दोन चुळा भरायची, बाईचं डोकं मांडीवर घ्यायची, दोन्ही अंगठ्यांनी पापण्या फाकवायची आणि जिभेनं डोळा झाडायची. कानाकडून नाकाकडे, तीन फेऱ्या. "पहिलीला कळते, दुसरीला सुटते, तिसरीला निघते," असं तिचं म्हणणं. मग कपची तळहातावर थुंकून ती डोळ्यापुढे धरायची. "बघ." बघावंच लागायचं. बघितल्याशिवाय ती डोकं सोडायची नाही. त्यानंतर कपची चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात जायची. चाळीस वर्षांत तो डबा निम्म्याच्या वर भरला होता, आणि कुठली कपची कोणाच्या डोळ्यातली हे म्हातारीला तोंडपाठ होतं.

"आपण मेलो तरी म्हातारीच्या डब्यात खुळखुळत राहणार," मिंझाच्या शेजारी बसणारी तबू म्हणायची.

त्या मंगळवारी मिंझाचे डोळे वेळेवर मिटले होते. हे ती नंतरही शपथेवर सांगत राहिली. तरी डाव्या डोळ्यात काहीतरी घुसलं, आणि ती ओरडली तेव्हा सगळ्या हातोड्या थांबल्या.

आजी त्या दिवसांत आजारी होती. खोकून खोकून तिचा नुसता सांगाडा उरला होता. तिची जीभ थरथरत मिंझाच्या डोळ्यावरून फिरली. तीन फेऱ्या. परत तीन. परत तीन.

"सापडत नाही गं," आजी म्हणाली. "जीभ मेली माझी." आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी मिंझाच्या कपाळावर पडलं.

डोळ्याची आग सहन होत नव्हती, आणि म्हातारीचं ते रडणं त्याहून सहन होत नव्हतं. मिंझाचा हात जमिनीवर चाचपडत होता. बोटांना एक कपची लागली.

"निघाली, आजी. ही बघ, गालावर पडली होती."

कपची तांबूस होती. टेकडीचा दगड करडा. ही वाटेवरच्या मुरमातली असणार. आजीनं ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग डब्याचं झाकण उघडलं.

२

शनिवारी मिंझा डोळ्याला पट्टी बांधून आजीला बघायला गेली. आजीनं अंथरूण धरलं होतं. छातीवर डबा होता. तबू तिला पेज भरवायला आली होती, पण आजी पेज घेत नव्हती. डब्यातली एकेक कपची जिभेवर ठेवायची, तोंडात घोळवायची आणि नाव सांगायची.

"ही तबूची. हिचा नवरा मासे धरायला गेला आणि परत आला नाही, त्या वर्षीची."

"आला असता तर मीच सरोवरात उडी घेतली असती," तबू म्हणाली. "पेज घे, आजी. दगड खाऊन पोट भरतं का?"

आजीनं पुढची कपची घेतली. तांबूस. ती तिच्या तोंडात फार वेळ राहिली. बाहेर कोणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज. मग आजीनं कपची तळहातावर काढली.

"ही कुणाचीच नाही."

"असं कसं? तुझ्या डब्यातली ना?" तबूनं विचारलं.

"हिला डोळ्याची चव नाही. नुसती माती लागते." आजीनं मान वळवली आणि मिंझाकडे पाहिलं. रागानं नाही. पोरानं एक चप्पल कुठे टाकली असेल याचा विचार करावा, तसं. "म्हणजे एक डोळ्यात राहिलीय. आणि एक इथं जास्त आहे. दोन्हींचं बघायला हवं."

मिंझाला बोलायचं होतं. आजी, मी तुला फसवलं, एवढेच चार शब्द. पण ते बोलली असती तर तुझी जीभ हरली हेही मरणाऱ्या बाईला सांगावं लागलं असतं. म्हातारीची दया आली म्हणून आपण गप्प बसलो, असं तिनं मनाला सांगितलं. खरं तर ती घाबरली होती. तिनं आजीचे पाय चेपले आणि ती घरी आली.

रविवारी आजी गेली. तिचा डबा कोणीतरी खडीच्या जागेवर आणून तिच्या सपाट दगडावर ठेवला. त्या दगडावर मग कोणी बसेना.

३

"मावशी, वर बघा. हलू नका," दवाखान्यातली सिस्टर न्देशी म्हणाली.

सिस्टर किलिमांजारोकडची, वयानं लहान, बोलायला गोड आणि मनानं कडक. तिनं कापसाची वात ओढून केसासारखी बारीक केली होती. ती तिनं मिंझाच्या उजव्या बुबुळाला नुसती टेकवली. डोळा फटकन मिटला.

"छान. आता डावा."

मिंझा वर बघत राहिली. छतावर पाल होती. ती इकडून तिकडे गेली.

"लावा ना, सिस्टर."

"लावलाय, मावशी. चार वेळा लावला."

मिंझा हसली. "मला वाटलं, बरा होतोय. दोन दिवस झाले, दुखतच नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे." सिस्टर स्टूल ओढून समोर बसली. "बुबुळावर काचेसारखा पडदा असतो. त्यात केसाहूनही बारीक नसा असतात, इतक्या दाट की सगळ्या अंगात दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणून तर एवढासा कण गेला तरी माणूस नाचायला लागतो. तुमच्या त्या नसा मेल्यात. कपची पडदा फोडून आत गेलीय आणि आत सगळं नासलंय. त्यातून कोणीतरी डोळा चाटला, हो ना? जिभेची सगळी घाण आत गेली."

मिंझा सोडलेल्या पट्टीची घडी घालत राहिली.

"या डोळ्यानं आता दिसणार नाही. पण तो ठेवला तर दुसराही जाऊ शकतो. एकाला मार बसला की दुसऱ्याच्याही नसा मरायला लागतात, कधी दुसरा आतून सुजतो आणि जातो. का होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. जणू एकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं. गुरुवारी मोठे डॉक्टर येतात. डोळा काढून टाकू."

एका डोळ्यानं खडी फोडता येते, तशा दोघी होत्या. पण दोन्ही गेले तर घरात कमावणारं कोणी नव्हतं. कबुलाची यंदा मोठी परीक्षा होती. ती बुडली की तिच्या हातात हातोडीच येणार. ज्या मुलीला सोळा वर्षं या टेकडीपासून लांब ठेवलं, ती याच गोणपाटाखाली येऊन बसणार.

"सिस्टर, मेलेल्या नसा परत येतात का?"

"कधीकधी येतात. फार हळू."

४

घर चालायचं थांबत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मिंझा कामावर गेली. एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं. दगड जवळ वाटायचा आणि लांब असायचा. तिनं दोनदा अंगठ्यावर हातोडी मारून घेतली.

"अगं, दगड तो करडा, अंगठा तो लाल," तबू म्हणाली. "थांब, मी तुला खुणेला चिंधी बांधून देते."

"तुझ्या तोंडाला बांध," मिंझा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुपारी बारा-साडेबाराला तिथं हातोड्या थांबतात. बायका डबे उघडतात, उगाली आणि सुकी मासळी खातात आणि जिथल्या तिथं आडव्या होतात. दिवसभर कानावर दगड फुटत असतो, त्यामुळे ती शांतता फार मोठी वाटते. उन्हानं गोणपाट तडतडतं. कचऱ्यावरचे मोठे टकले करकोचे पंख झटकतात, ते सुद्धा ऐकू येतं.

मिंझा उताणी पडली होती. झोप लागली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तबूचं घोरणं ऐकत होती.

पट्टीखाली, डाव्या डोळ्यावर काहीतरी टेकलं.

ऊबदार होतं. थोडं खरखरीत. ते कानाच्या बाजूनं निघालं आणि बुबुळावरून सावकाश नाकाकडे गेलं. थांबलं. परत कानाकडून निघालं. तिसऱ्या फेरीला ते बुबुळाच्या मधोमध जरा घुटमळलं, तिथं दाबून पाहिलं, आणि गेलं.

ती उठून बसली. पट्टी जागेवर होती. गाठ तशीच, सकाळी कबुलानं मारलेली. आजूबाजूला सगळ्या झोपलेल्या. सपाट दगडावर डबा होता आणि त्यावर ऊन होतं.

घाबरून तिनं पट्टीवरूनच डोळा दाबला. काहीच लागलं नाही, नुसतं बोट कुठेतरी रुतल्यासारखं. मग तिच्या मनात आलं, या डोळ्याला तर काही कळत नाही. आणि आता कळलं. म्हणजे नसा परत येतायत! तिनं तो विचार पकडला आणि घट्ट धरून ठेवला.

५

संध्याकाळी तिनं कबुलाला अंगणात बसवलं आणि कोंबडीचं एक बारीक पीस हातात दिलं.

"हे काय?"

"सिस्टर कापूस लावते, तसं तू हे लाव. लागलं की सांगते."

कबुला नाक मुरडत जवळ आली. डावा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. मिंझा उगीच चुलीकडे बघत राहिली.

"लावलंस का?"

"आई..."

"अगं लाव ना. आणि भांड्याखालचा जाळ ओढ, भात लागेल."

"आई, मी कधीपासून तुझ्या बुबुळावरून पीस फिरवतेय, आणि तू मला भाताचं सांगतेयस." तिनं पीस टाकून दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ते आलं. तिसऱ्या दिवशीही. हातोड्या थांबल्या की यायचं, तीन फेऱ्या करायचं, मधोमध दाबून बघायचं, जायचं. पिसानं कळत नव्हतं, कापसानं कळत नव्हतं, बोटानं कळत नव्हतं. त्या एकाच गोष्टीनं कळत होतं.

मिंझा मूर्ख नव्हती. तीन फेऱ्या म्हणजे काय, कानाकडून नाकाकडे म्हणजे काय, हे तिला समजत होतं. पण समजणं आणि कबूल करणं यांत अंतर असतं. ती गुरुवारी गेली ती डोळा द्यायला नाही, मुदत मागायला.

"नसा वाढतायत, सिस्टर. दुपारचं मला कळतं."

"पाय कापलेल्या माणसाच्या नसलेल्या पायाला खाज सुटते, मावशी. तसं असेल हे."

"एक आठवडा द्या."

"तुमच्या उजव्या डोळ्याशी खेळ चाललाय," सिस्टर म्हणाली. पण तिनं आठवडा दिला.

त्या आठवड्यात मिंझानं जागा बदलली. दुपारी झोपणं सोडलं, बसून राहिली, तबूशी बोलत राहिली. बोलता बोलता मध्येच ती गप्प व्हायची आणि तिची मान आपोआप मागे कलायची, कोणीतरी मांडीवर घेतल्यासारखी.

"तुला काय होतंय गं?" तबूनं एकदा विचारलं.

"तबू, आजीला कपची सापडली नाही असं कधी झालं होतं का?"

"कधीच नाही. सापडेपर्यंत ती सोडायचीच नाही." तबूनं दातात काडी घातली. "तुझी पण सापडलीच ना?"

६

पुढच्या गुरुवारी सिस्टरनं पट्टी सोडली आणि तिचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

पट्टीच्या आतल्या बाजूला, डोळ्यावर येते तिथं, ओला तपकिरी डाग होता. सिस्टरनं तो नाकाशी नेला.

"तपकीर? मावशी, तुम्ही डोळ्यात तपकीर घातलीत? किती वेळा सांगायचं, गावठी औषधं करू नका म्हणून!"

"मी तपकिरीला शिवत नाही, सिस्टर."

"मग ही कुठून आली? आणि हा ओला कसा? नसा मेल्यावर डोळ्याला पाणीसुद्धा येत नाही. कोरडा ठणठणीत असायला हवा हा."

पट्टी मिंझाच्या हातात आली. तिनं वास घेतला. चूळ भरल्यावरही जो वास उरायचा, तोच. डोकं मांडीवर असताना सतरा वर्षांत कितीतरी वेळा घेतलेला.

सिस्टर अजून रागावत होती, आणि रागावतच तिनं उजव्या डोळ्यावर बॅटरी धरली. मिंझा कळवळून मागे सरकली. डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. सिस्टरनं बॅटरी विझवली, परत लावली, परत विझवली.

"कधीपासून उजेड खुपतोय?"

"दोन दिवस."

"घरी जायचं नाही," सिस्टर हळू म्हणाली. "आत्ता दाखल व्हा."

वॉर्डात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. तिथून टेकडी दिसत नव्हती, पण वारा तिकडचा असला की हातोड्या ऐकू यायच्या. बाराच्या सुमाराला त्या थांबल्या. मिंझानं पलंगाची कड घट्ट धरली.

या वेळी ते उजव्या डोळ्यावर आलं.

तिथल्या सगळ्या नसा जिवंत होत्या. तापलेल्या वाळूवरून बुबुळ ओढावं तशी आग झाली आणि मिंझा किंचाळली. डोळा उघडा होता. समोर छत होतं, पंखा होता, आणि मग काही नव्हतं, नुसतं ओलं, लालसर, अगदी चिकटून. एकच फेरी. शोधलं नाही, नुसतं कुठे आहे ते बघून ठेवलं. मग परत पंखा दिसला.

परिचारिका धावत आल्या. मिंझानं कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाली, "काढा. आज काढा."

७

मिंझा शुद्धीवर आल्यावर सिस्टर न्देशीनं तिच्यापुढे एक छोटी बाटली धरली.

"तुम्हाला बघायची असेल म्हणून डॉक्टरांकडून मागून घेतली. पार मागे जाऊन बसली होती. जिभेनं सात जन्मांत निघाली नसती."

करडी कपची. तांदळाच्या कणीएवढी. मिंझानं ती बघितली. बघून झाल्यावर ती रडायला लागली, आणि सिस्टरला वाटलं, डोळ्यासाठी रडतेय.

तीन आठवडे उजव्या डोळ्यात औषध घालून तो शांत झाला. उजेड खुपेनासा झाला. सिस्टरनं कापूस लावला, डोळा फटकन मिटला. "वाचलात, मावशी," ती म्हणाली.

कामावर आल्या दिवशी मिंझा आधी सपाट दगडापाशी गेली. डबा उघडला, करडी कपची त्यात टाकली. "आजी, ही माझी," ती म्हणाली. "माफ कर." मग तिनं बोटांनी उकरून ती तांबूस कपची शोधून काढली आणि भरायला आलेल्या ट्रकच्या खडीत भिरकावली. दगडाची होती, दगडात गेली. ट्रक दुपारच्या आत निघून गेला.

त्या दुपारी काही आलं नाही. पुढच्या दुपारीही नाही. मिंझा पहिल्यांदा पोटभर जेवली आणि सगळ्यांदेखत घोरली.

"एक डोळा गेला, पण घोरणं दुप्पट झालं," तबू म्हणाली.

असे दहा-बारा दिवस गेले. शनिवारी सकाळी मिंझा आली तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं. तिनं लावायला हात घातला. सगळ्यांत वर तांबूस कपची होती. ओली.

मिंझानं झाकण लावलं आणि त्यावर हाताएवढा दगड ठेवला. दिवसभर ती त्या दगडाकडे बघत हातोडी चालवत राहिली. आजीचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. एक डोळ्यात राहिलीय, आणि एक इथं जास्त आहे. राहिलेली मिळाली. जास्तीची तशीच होती. चाळीस वर्षांत त्या डब्यात एकही कपची अशी गेली नव्हती, जी कुठल्या ना कुठल्या डोळ्यातून आली नाही. हिलाही एक डोळा लागणार होता.

८

सोमवारी शाळेला सुट्टी होती. कबुला डबा घेऊन टेकडीखाली आली. मिंझानं तिला तिथं यायला कधीच दिलं नव्हतं, पण मुलीनं डोक्यावरून आणलेलं जेवण परत कसं पाठवायचं? हातोड्या थांबल्या. दोघी जेवल्या. तबूनं कबुलाला विचारलं, "काय गं शहाणे, तुझ्या पुस्तकात खडी फोडायचं यंत्र आहे की नाही?" आणि कबुलानं चित्र काढून दाखवलं, त्यावर सगळ्या हसल्या. मग एकेक आडवी झाली.

मिंझा भांडी विसळायला नळावर गेली. मोजून पन्नास पावलं. परत आली तेव्हा कबुला सपाट दगडावर पाठ टेकून निजली होती. तिथं कोणी बसलेलं नव्हतं आणि दगड सपाट होता, एवढंच. तिनं डबा उचलून बाजूला ठेवला होता. त्यावरचा दगड खाली पडला होता.

"कबुला, ऊठ तिथून."

"पाच मिनिटं गं."

"ऊठ म्हणते ना!"

कबुला उठली नाही. तिचं डोकं थोडं मागे कललं. "आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहानपणीचा झाला. "आई, माझ्या डोळ्याला काहीतरी लागतंय."

"चोळू नकोस!"

"हातच उचलत नाही. ओलं आहे. मऊ आहे, आई, पण मध्ये काहीतरी टोकदार आहे."

मिंझानं डब्याचं झाकण उपटलं. वर करडी कपची होती. तांबूस तिथं नव्हती.

मग तिला विचार करावा लागला नाही. भांडी हातातून पडली. तिनं कबुलाला दंडाला धरून दगडावरून खाली ओढलं आणि स्वतः त्या जागी आडवी झाली. डोकं मागे टाकलं. दगडाला टेकायच्या आत ते कशावर तरी टेकलं, हाडकुळ्या, ऊबदार मांडीवर. दोन्ही अंगठ्यांनी तिनं आपल्या उजव्या डोळ्याच्या पापण्या फाकवल्या.

"आजी, इकडे," ती म्हणाली. "ती कपची मी उचलली होती. त्या कपचीचा डोळा हा. माझ्या पोरीला हात लावू नकोस, तिचा काही संबंध नाही. इकडे ये."

गोणपाटाच्या भोकातून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. त्याच्या कडेला कबुलाचा चेहरा, दोन्ही डोळे मोठ्ठे उघडे, दोन्ही स्वच्छ. मिंझानं तो चेहरा बघून घेतला, कपाळ, भुवया, दातांमधली फट, सगळं. तपकिरीचा वास आला.

"आई, थांबलं," कबुला म्हणाली. "गेलं. आई, ऊठ ना, गेलं ते!"

"हं," मिंझा म्हणाली, आणि डोळा उघडाच ठेवला.